विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर : घरी परतल्यावर हाती काय राहते?

सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतील विपश्यनेच्या, म्हणजे बुद्धाच्या शिकवणीतील एका ध्यानसाधनेच्या, दहा दिवसांच्या शिबिराचे एखाद्या सेवेसारखे परीक्षण करणे काहींना औचित्याला सोडून वाटेल, कारण या शिबिराला शुल्क नाही आणि शिकवणारे मानधनही घेत नाहीत. तरीही जी गोष्ट माणसाकडून सलग दहा दिवस, संपूर्ण मौन आणि घराशी पूर्ण तुटलेला संपर्क मागते, तिची किंमत पैशांत नसली तरी चुकवावी लागतेच, आणि ती चुकवणाऱ्याला आधी नीट माहिती मिळायला हवी. या शिबिराविषयी वाचायला मिळणारे बहुतेक लेखन एक तर ‘आयुष्य बदलून गेले’ या सुरातले असते, नाही तर ‘तुरुंगच तो’ या सुरातले. जावे की जाऊ नये अशा विचारात असलेल्या नोकरदार माणसाला या दोहोंतून काहीच हाती लागत नाही. मी अमरावतीत राहते, बँकेत अधिकारी आहे, घरी सासूबाई आहेत आणि नववीतला मुलगा आहे. बुद्धाची शिकवण निवृत्तीनंतर नव्हे, तर नोकरी आणि संसार चालू असतानाच उपयोगी पडावी, एवढ्या अपेक्षेने मी विदर्भातल्या एका लहान केंद्रावर गेले होते, आणि पुढील सर्व मूल्यमापन त्याच एका कसोटीवर केलेले आहे.

ही कसोटी या परंपरेवर बाहेरून लादलेली नाही. गोयंकांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे भिक्षू नव्हते. 1948 साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर ते त्या देशाचे महालेखापाल झाले, आणि आपल्या कचेरीतील कर्मचाऱ्यांनाही ते साधना शिकवीत असत. त्यांचे गुरू सया थेटजी हे शेतकरी होते, आणि त्यांच्याही आधीच्या लेडी सयाडो या विद्वान भिक्षूंनी ही साधना विहाराबाहेर, प्रपंचातल्या माणसांपर्यंत नेण्याचा मार्ग मोकळा केला होता. स्वतः गोयंका मंडालेमध्ये 1924 साली जन्मलेले मारवाडी व्यापारी. अर्धशिशीचा तीव्र त्रास हे त्यांचे ऊ बा खिन यांच्याकडे जाण्याचे कारण होते, आणि 1969 साली ते भारतात आले तेव्हा त्यांनी पहिले शिबिर मुंबईत घेतले. इगतपुरीचे धम्मगिरी हे केंद्र 1976 पासून चालू आहे, आणि आज नागपूर, पुणे, कोल्हापूर, धुळे अशा अनेक ठिकाणी या परंपरेची केंद्रे आहेत. हिशेब तपासणारा अधिकारी, नांगर धरणारा शेतकरी आणि व्यापारी अशा गृहस्थांच्या हातून ही विद्या आपल्यापर्यंत आली, हे लक्षात घेतले तर ‘संसारी माणसाला याचा काय उपयोग’ हा प्रश्न तिला विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

प्रवेशाची पद्धत सरळ आहे. अर्ज संकेतस्थळावर भरायचा असतो आणि त्यात शारीरिक व मानसिक आजार, चालू असलेली औषधे, व्यसने आणि पूर्वी केलेल्या साधना यांविषयी स्पष्ट प्रश्न असतात. सोयीच्या तारखांच्या जागा लवकर भरतात, त्यामुळे अर्ज बराच आधी करावा. शिबिराला दहा दिवसांचे म्हणत असले तरी आदल्या दिवशी दुपारी हजर व्हावे लागते आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटका होते, म्हणजे रजेच्या अर्जावर बारा तारखा लिहाव्या लागतात. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना या शिबिरासाठी रजेची सवलत आहे. आमच्यासारख्या इतरांना आपली साठवलेली रजाच खर्ची घालावी लागते. पोहोचताच मोबाइल, पुस्तके, वही, पेन, दागिने सर्व जमा करून घेतले जाते. घरच्यांना केंद्राच्या कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक देऊन ठेवता येतो आणि खरोखरची अडचण असेल तर निरोप आत पोहोचतो, हे मी मुद्दाम सांगते, कारण घरातील बाईने बारा दिवस फोनवर नसणे ही आपल्याकडे अजूनही सगळ्यांत मोठी अडचण असते. सासूबाईंच्या औषधांच्या वेळा फ्रिजवर लिहून चिकटवणे, गॅस सिलिंडरची नोंदणी आणि शाळेच्या सूचनांचे काम नवऱ्याच्या माथी मारणे, ही तयारी मला अर्ज भरण्यापेक्षा कितीतरी अधिक अवघड गेली.

राहण्या-जेवण्याची व्यवस्था साधी आणि पुरेशी असते. त्यावर फार लिहिण्यासारखे काही नाही. जेवण शाकाहारी असते, सकाळी नाश्ता, अकरा वाजता जेवण आणि संध्याकाळी पाच वाजता नव्या साधकांना चहा किंवा दूध, मुरमुरे आणि फळ. जुन्या, म्हणजे आधी शिबिर केलेल्या, साधकांना त्या वेळी लिंबूपाणीच मिळते. मधुमेह असलेल्यांनी हे वेळापत्रक आपल्या डॉक्टरांना दाखवून मगच ठरवावे. मी होते त्या केंद्रावर ध्वनिक्षेपकात खरखर होती आणि पहाटेच्या बैठकीत ती फार जाणवत असे, परंतु वाढण्याचे आणि भांडी घासण्याचे काम ज्या धम्मसेविका करीत होत्या त्याही पूर्वी शिबिर केलेल्या आणि विनामोबदला आलेल्या स्त्रिया होत्या, हे कळल्यावर अशा गोष्टींची तक्रार करण्याचा उत्साह उरत नाही. पैसे न घेण्याचा हा परिणाम मला विचार करण्याजोगा वाटला. पैसे मोजून आलेला माणूस ग्राहक असतो आणि उशी मऊ नाही म्हणून रुसू शकतो. येथे आपण कोणा अनोळखी माणसाच्या दानावर जेवत असतो, आणि आपल्याकडून देणगी घेतली जाते तीही शिबिर पूर्ण झाल्यानंतरच, आकडा न सांगता.

आता मूळ विषयाकडे येते. पहाटे चार वाजता घंटा होते, साडेचारला साधना सुरू होते आणि रात्री साडेनऊला दिवे मालवतात; या वेळेत एकूण दहा तासांहून अधिक काळ बसायचे असते. पहिले साडेतीन दिवस केवळ आनापान असते, म्हणजे श्वास जसा आहे तसा जाणणे. त्यात श्वास मोजायचा नाही, रोखायचा नाही, त्याला कोणते नाव किंवा रूप जोडायचे नाही. पहिल्या दिवशी येणारा-जाणारा श्वास, दुसऱ्या दिवशी नाकाच्या त्रिकोणात त्याचा होणारा स्पर्श, आणि तिसऱ्या दिवशी वरच्या ओठावरच्या इवल्याशा जागेतील संवेदना, असे क्षेत्र लहान करत नेले जाते. हे काम ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात चार-पाच श्वासांनंतर मन उठून जाते आणि कुठे जाते ते पाहण्यासारखे असते: माझे मन वारंवार शाखेतील एका जुन्या कर्जप्रकरणाच्या फाइलीकडे जात असे आणि जिच्याशी माझा वाद झाला होता त्या सहकारी बाईंना ऐकवायची राहून गेलेली वाक्ये तेथे बसून नव्याने रचत असे. बाहेरून कोणीही त्रास देत नसताना माणूस किती चिकाटीने स्वतःला त्रास देतो, हे दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत कोणाही साधकाला न सांगता कळते. आर्य मौनाचे, म्हणजे शिबिरातल्या संपूर्ण मौनाचे, प्रयोजनही तेव्हाच ध्यानात येते. बोलायला कोणी असते, तर हा सारा माल आपण तत्काळ दुसऱ्याच्या गळ्यात टाकला असता.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना दिली जाते आणि शिबिराचा खरा भाग येथून सुरू होतो. डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवावर मन फिरवत जायचे, तेथे उष्णता, जडपणा, खाज, मुंग्या, वेदना जे काही असेल ते जाणायचे, आणि त्याविषयी हवे-नको अशी कोणतीही प्रतिक्रिया न देता पुढे सरकायचे. त्यानंतर दिवसातून तीन वेळा तासाभराच्या सामूहिक बैठका अधिष्ठानाच्या होतात, म्हणजे त्या तासात डोळे उघडायचे नाहीत, हात सोडवायचे नाहीत आणि मांडी बदलायची नाही. अशा एका बैठकीत माझ्या उजव्या गुडघ्यात सुरू झालेली कळ हळूहळू इतकी वाढली, की तेथे फक्त गुडघाच आहे आणि बाकी शरीर नाहीच असे वाटू लागले. सूचना अशी होती की दुखणे एकसंध आहे की त्याचे तुकडे पाडता येतात ते पाहा, त्याच्या कडा कुठे आहेत ते पाहा. पाहिले तेव्हा कळ मध्यभागी घट्ट होती, बाजूंना धडधडत होती, मधूनच क्षणभर ओसरत होती आणि पुन्हा वर येत होती. ती थांबली मुळीच नाही. परंतु ‘आता हे सहन होणार नाही, पाय कायमचा जायबंदी होणार, इथे आलेच कशाला’ ही जी वाक्यांची रांग तिच्या मागे लागली होती ती गळून पडली, आणि उरलेले दुखणे पुष्कळ लहान निघाले. संयुत्तनिकाय या बुद्धवचनांच्या संग्रहातील सल्लसुत्तात बुद्ध नेमके हेच सांगतात: एक बाण शरीराला लागतो, आणि अज्ञ माणूस मनाला दुसरा बाण लावून घेतो. हे सुत्त मी पूर्वी वाचले होते. गुडघ्यात वाचले ते मात्र तेव्हाच.

दैनंदिन जीवनासाठी या साधनेचा सारा भार ज्या एका कडीवर आहे ती प्रतीत्यसमुत्पादातील, म्हणजे बुद्धाने सांगितलेल्या कार्यकारणांच्या साखळीतील आहे: वेदनेतून, म्हणजे संवेदनेतून, तृष्णा उत्पन्न होते. आपण समजतो की आपल्याला त्या माणसाचा राग आला, त्या वस्तूचा लोभ सुटला. परंपरेचे म्हणणे असे की माणूस किंवा वस्तू आणि आपली प्रतिक्रिया यांच्यामध्ये शरीरावरची एक संवेदना असते, प्रतिक्रिया त्या संवेदनेला दिलेली असते, आणि म्हणून साखळी तोडायची जागा तीच आहे. हे म्हणणे पटो वा न पटो, शिबिर ते केवळ सांगून सोडत नाही, तर दिवसाला दहा तास करवून घेते, आणि यातच या सेवेची गुणवत्ता आहे. बुद्धविचारावरची व्याख्याने आपल्याकडे वारेमाप होतात. सराव करवून घेणारे फार थोडे असतात.

माझा जन्म आंबेडकरी कुटुंबातला असल्यामुळे त्रिशरण-पंचशील मला पाढ्यांच्याही आधी पाठ झाले होते. शिबिराची सुरुवातही पंचशीलापासूनच होते आणि तेथे ते केवळ म्हणण्याचे नसते: दहा दिवस हत्या नाही, म्हणजे कानाशी गुणगुणणारा डासही मारायचा नाही, मौनच असल्यामुळे खोटे बोलण्याला वाव नाही, चोरी, व्यभिचार, नशा यांना तर जागाच नाही. शील, समाधी, प्रज्ञा (सदाचार, एकाग्रता, जाण) हा क्रम का लावलेला आहे, याचा उलगडा येथे अगदी व्यावहारिक पातळीवर होतो. ज्याने काल कोणाला फसवले आहे त्याचे मन आज श्वासावर थांबत नाही, ते कालच्या फसवणुकीची राखण करीत बसते. शांती हवी, पण वागणूक तपासायची नाही, अशी जी मागणी आजकाल ध्यानाच्या मोबाइल ॲपांकडून पुरवली जाते, तिच्या तुलनेत या शिबिराची भूमिका मला अधिक प्रामाणिक वाटते.

रोज संध्याकाळी सुमारे सव्वा तासाचे प्रवचन असते. गोयंकांचे निधन 2013 साली झाले. प्रवचने आणि सूचना सर्व त्यांच्याच आवाजातील ध्वनिमुद्रणे आहेत. आमच्या शिबिरात ती हिंदीत होती आणि ती इतकी रसाळ आहेत की दिवसभर पाठ ताठ ठेवून शिणलेली माणसेही त्या वेळी हसताना दिसतात. त्या-त्या दिवशी साधकाच्या मनात काय चाललेले असणार हे त्यांना अचूक माहीत असते, आणि पळून जाण्याचा विचार मनात आलेल्या माणसाला त्याच संध्याकाळी त्याच विचाराची खुमासदार नक्कल ऐकायला मिळते. तथापि ध्वनिमुद्रणाला प्रतिप्रश्न करता येत नाही, ही या पद्धतीची मोठी मर्यादा आहे. दुपारी साहाय्यक आचार्यांना भेटण्याची सोय असते, परंतु ती काही मिनिटांची भेट असते आणि तिचा रोख साधनेतील अडचणींवर असतो. तात्त्विक शंकांना तेथे ‘काम करीत राहा, आपोआप कळेल’ या अर्थाचे उत्तर मिळते. शरीरावर उमटणारी संवेदना म्हणजे जुने संस्कारच वर येऊन झडून जात आहेत, असे प्रवचनांत जे सांगितले जाते, ते खरे की खोटे हे साधकाला बैठकीत बसून ठरवता येत नाही. तीन तास मांडी घालून बसले की गुडघा दुखतो, त्यासाठी पूर्वसंस्कारांचीच गरज आहे असे नाही. ज्या शिकवणीत ‘या आणि स्वतः पाहा’ असे निमंत्रण आहे, तिच्या प्रवचनांत पाहता न येणाऱ्या गोष्टी इतक्या निःशंकपणे सांगितल्या जाव्यात, हे मला खटकले. साधना करताना हा भाग बाजूला ठेवला तरी काही अडत नाही.

एक गोष्ट कोणत्याही स्तुतीत बुडू नये. हे शिबिर औषधोपचाराला पर्याय नाही, आणि शिबिराच्या नियमांतच तसे म्हटलेले आहे. तीव्र नैराश्य, मनोविकाराचे झटके, नुकताच झालेला मोठा आघात यांतून जात असलेल्या व्यक्तीने अर्जातील प्रश्नांना लपवाछपवी न करता उत्तरे द्यावीत आणि आपल्या मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय जाऊ नये. दहा तास रोज स्वतःच्या मनासमोर एकटे बसणे हे निरोगी माणसालाही हलवून सोडते. ज्याचे मन आधीच ठिकाणावर नाही त्याच्यासाठी ते धोक्याचे ठरू शकते. ‘मुलगा फार चिडचिड करतो, त्याला विपश्यनेला पाठवा’ असा सल्ला नातेवाइकांत सर्रास दिला जातो. स्वतःच्या इच्छेने न आलेल्या माणसासाठी ही जागा नाही.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्रीनंतर, म्हणजे सर्वांचे भले चिंतण्याच्या साधनेनंतर, मौन सुटते आणि आवारात एकदम कलकलाट होतो. तो दिवस परतीच्या तयारीसाठी ठेवलेला आहे, पण तो पुरत नाही. मी परीक्षक म्हणून गुण देत असते तर साधना शिकवण्याला भरभरून दिले असते आणि परतीच्या तयारीला हात आखडता घेतला असता. घरी गेल्यावर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा, असा मुख्य सल्ला मिळतो. ज्या बाईचा डबा सात वाजता तयार व्हायला हवा आणि जी संध्याकाळी साडेसातला घरात शिरते तिने हे दोन तास कुठून काढायचे, याचे उत्तर कोणाजवळ नसते. मी सकाळचा तास पाऊण तासावर आणला आहे, आणि रात्री दिवे मालवण्यापूर्वी वीस मिनिटे आनापान करते. रविवारी गावातील जुन्या साधकांची सामूहिक बैठक असते तिला शक्यतो जाते. याहून अधिक नियमाने बसणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि शिबिराहून आल्यावर महिनाभरात सारे सोडून दिलेली त्यांच्याहून पुष्कळ अधिक पाहिली आहेत.

मग एवढ्याशा सरावाचा काही उपयोग होतो का? नोव्हेंबर महिना आमच्या शाखेत हयातीच्या दाखल्यांचा असतो. एक निवृत्त गृहस्थ खिडकीशी आले आणि पेन्शन जमा झाली नाही म्हणून पासबुक काचेवर आपटून म्हणाले, “दाखला मागच्याच आठवड्यात दिला होता. आमच्याच पैशावर पगार घेता आणि आम्हालाच हेलपाटे घालायला लावता?” त्या क्षणी माझे कान तापले, गळ्याखाली काहीतरी आवळल्यासारखे झाले आणि तोंडात उत्तरही तयार झाले. कुकरची शिट्टी होण्याआधी वाफेचा जो बारीक आवाज येतो तो कान देणाऱ्यालाच ऐकू येतो; साधनेने झाले ते इतकेच, की तो आवाज मला ऐकू आला. दोन-तीन श्वास गळ्यापाशीच लक्ष राहिले, आणि तोवर तयार झालेले उत्तर निरुपयोगी झाले होते. “काका, आधी बसा,” मी म्हणाले, “नोंद पुढे गेलेली दिसत नाही. तुमचा अंगठा आत्ताच घेते आणि इथेच पूर्ण करते.” ते बसले. राग त्यांचा लगेच गेला नाही आणि माझा आवळलेला गळाही लगेच सुटला नाही, पण काम झाले. शिबिराने मला दिलेला लाभ मोजून सांगायचा झाला तर तो त्या दोन-तीन श्वासांएवढा आहे. मला तो लहान वाटत नाही. घरात मात्र ही सवड इतक्या सहज मिळत नाही, कारण मुलाला माझी आणि मला मुलाची दुखरी जागा नेमकी ठाऊक असते आणि वाफेचा आवाज येण्याआधीच शिट्टी होऊन जाते. कार्यालयातील शांततेवरून घरातील शांततेचा अंदाज बांधू नये.

येथे आमच्या वडिलांचा आक्षेप नोंदवणे मला आवश्यक वाटते, कारण महाराष्ट्रात बुद्धाविषयी बोलताना तो टाळून पुढे जाता येत नाही. “डोळे मिटून बसल्याने चवदार तळे खुले झाले नसते,” असे ते म्हणत, आणि शिबिराला जाणाऱ्या आमच्या वस्तीतील लोकांकडे काहीशा संशयानेच पाहत. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखो लोकांनी जो धम्म स्वीकारला, तो एकेकट्याच्या मनःशांतीपुरता कधीच नव्हता. डॉ. आंबेडकरांनी आपल्या अखेरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत चार आर्यसत्यांविषयीच प्रश्न उपस्थित केला आहे: जन्म, जरा, मरण हे सारेच दुःख असेल तर माणसाला आशा कुठली उरते, आणि हा मूळ उपदेशाचा भाग आहे की नंतरची भर? त्यांच्या मांडणीत दुःखाचे मोठे कारण माणसाने माणसाशी केलेल्या अन्यायात आहे. शिबिरातील दहा दिवसांत या बाजूला जवळपास स्थान नाही. तेथे जात विचारली जात नाही, सर्व जण एका पंगतीत जेवतात, हे खरे आहे आणि त्याचे मोलही आहे. पण व्यवस्थेने दिलेल्या दुःखाचे काय करायचे, यावर प्रवचने मौन पाळतात. पेन्शनच्या प्रकरणात माझा गळा सैल झाला म्हणून त्या गृहस्थांचा प्रश्न सुटला नसता. दाखल्यांच्या नोंदी कोणत्या टप्प्यावर अडकतात हे शोधून वरिष्ठांना लेखी कळवावे लागले, आणि ते काम मनाच्या समतोलाने नव्हे, पाठपुराव्याने झाले. वडिलांचे म्हणणे मला निम्मे पटते: डोळे मिटून तळे खुले होत नाही, परंतु वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्याने आतून करपून जाऊ नये यासाठी डोळे मिटून बसण्याचा उपयोग होतो.

गृहस्थासाठी बुद्धाने याहून कितीतरी अधिक सांगितले आहे, आणि शिबिराच्या अभ्यासक्रमात ते नसावे याचीही मला चुटपुट लागते. दीघनिकाय या बुद्धवचनांच्या दुसऱ्या संग्रहातील सिगालोवाद सुत्त घ्या. आईवडील, गुरू, पती-पत्नी, मित्र, नोकर-मालक यांनी एकमेकांशी कसे वागावे ते तेथे स्पष्टपणे सांगितले आहे. मालकाने नोकराला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, वेतन आणि अन्न द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी आणि वेळोवेळी सुटी द्यावी, असा अडीच हजार वर्षांपूर्वीचा उपदेश माझ्या शाखेतील कंत्राटी शिपायांना ऐकवला तर त्यांना तो आजचाच वाटेल. मिळकतीचे चार भाग करून एक उपभोगावा, दोन व्यवसायात घालावेत आणि चौथा अडीअडचणीसाठी राखावा, असे त्याच सुत्तात आहे. बचत खात्याचे फॉर्म भरून घेणाऱ्या माणसाला ते वाचून गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. शिबिराच्या अखेरच्या दिवशी, घरी निघालेल्या साधकांना हे सुत्त तासभर समजावून सांगितले, तर दोन तास बसण्याच्या कोरड्या सल्ल्यापेक्षा ते अधिक कामाला येईल.

ज्यांना बारा तारखा काढणे सध्या शक्यच नाही त्यांच्यासाठी काही लहान वाटा आहेत. मुंबईतील गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोडात येणाऱ्यांना आनापानाची थोडक्यात ओळख करून दिली जाते. तेथील खांबांविना उभा असलेला आणि आठ हजार साधक बसू शकतील एवढा घुमट पाहण्यासाठी गेलेल्यांनी तेवढा वेळ अवश्य काढावा. मुलांसाठी आनापानाची एक-दोन दिवसांची शिबिरे होतात, आणि राज्यातील अनेक शाळांत ‘मित्र उपक्रमा’खाली रोज काही मिनिटे आनापान करवून घेतले जाते, माझ्या मुलाला ते मी जाण्याच्या आधीपासून येत होते, आणि मी परतल्यावर ‘ओठावरचा श्वास का, आम्हाला पाचवीतच शिकवला’ असे त्याने मला ऐकवलेही. केवळ आनापानाने संवेदनांपर्यंतचे काम होत नाही, हे मात्र खरे.

जाणाऱ्यांनी सुती, सैल, साधे कपडे, शाल, घरातलीच मऊ उशी आणि गजराचे साधे घड्याळ न्यावे. ज्यांना गुडघ्याचा किंवा मणक्याचा आजार आहे त्यांना खुर्ची मिळते. ती मागण्यात कमीपणा मानू नये. परतल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी कामावर रुजू होण्याऐवजी रजेला एक दिवस अधिक जोडावा, कारण मौनातून बाहेर पडल्यावर रिक्षाचा हॉर्नही कानाला लागतो आणि साठलेले निरोप पाहण्याची घाई दहा दिवसांची शिदोरी दुपारपर्यंत संपवते. पहिल्या आठवड्यात घरच्यांना उपदेश करू नये. आमच्या घरी तो सासूबाईंनीच मला केला. मार्चअखेर आणि नोव्हेंबर सोडून बँकेतल्या माणसाने कोणताही महिना निवडावा, कारण त्या दोन महिन्यांत कोणताही शाखाधिकारी बारा तारखांच्या अर्जावर सही करणार नाही.